न झालेले गोल

बंगळूरमधल्या शांतिनगरच्या हॉकी मैदानावर सामन्याआधी पाणी सुटतं. कडेचे फवारे एकदम जागे होतात, लांबच लांब धारा अर्धगोल फिरत जातात आणि उन्हातल्या टर्फवर काही मिनिटं सडा पडल्यासारखं होतं. टर्फ कोरडं राहिलं तर चेंडू अडखळतो, पडणाऱ्याचे गुडघे सोलतात. म्हणून हे न्हाऊ घालणं. या जागी पूर्वी अक्कितिम्मनहळ्ळीचं तळं होतं. शहरानं तळं बुजवून मैदान केलं आणि आता त्या मैदानाला पाणी पाजावं लागतं. यावर हसावं की सुस्कारा टाकावा हे ठरेपर्यंत शिट्टी होते आणि खेळ सुरू होतो.

निवृत्त झाल्यापासून शनिवारी दुपारी मी इथं येतो. हॉकीतला मी जाणकार नाही. कोण कुठल्या क्लबाचा, कोण राज्य संघाच्या वाटेवर, हे शेजारी बसलेले कूर्गकडचे म्हातारे कोडव किंवा अँग्लो-इंडियन गृहस्थ मला सांगतात आणि मी पुढच्या शनिवारपर्यंत विसरतो. माझी जागा मात्र ठरलेली. मध्यरेषेसमोरच्या सावलीत मी बसत नाही. एका टोकाला, गोलाच्या मागे जरा तिरपा बसतो. तिथून अर्धं मैदान नीट दिसत नाही, पण गोलकीपर दिसतो, आणि मी त्यालाच बघायला येतो.

त्या शनिवारी ज्युनिअर गटाचा सामना होता. पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा कठड्याला टेकून साज चढवत होता. बाकीचे दहा जण बूट बांधून केव्हाच धावायला लागले होते. याचं आपलं चाललेलं. आधी पोटाखालचं कवच. मग पायांना फोमची जाडजूड पॅडं, त्यांचे पट्टे मागून आवळायचे. बुटांवर किकर. छातीवर चिलखत, कोपरांना टोपणं, गळ्याला पट्टा. डाव्या हाताला ढालीसारखा चौकोनी मोजा, उजव्या मोज्यात स्टिक धरायला खाच. सगळ्यात शेवटी जाळीचं हेल्मेट. दोन वर्षांच्या वापराचा घाम त्या सगळ्यात मुरलेला असणार, कारण वारा माझ्याकडे वळला तेव्हा ओल्या गोधडीसारखा वास आला. तयार होऊन तो गोलाकडे निघाला तेव्हा पाय फाकवून, डुलत चालला होता. दोन्ही खांबांना त्यानं स्टिकनं एकेकदा टोकलं, जसं आपण उंबऱ्यावर पाय ठेवताना चौकटीला हात लावतो तसं.

हॉकीचा गोल बारा फूट रुंद आणि सात फूट उंच असतो. म्हणजे मध्यम दुकानाचं शटर. आत जाळीच्या पायथ्याशी दीड फूट उंचीची लाकडी फळी लावलेली असते. खाली सणकून मारलेला चेंडू तिच्यावर आदळला की 'खाट्' असा आवाज होतो. गोल झाला हे कित्येकदा डोळ्यांना कळायच्या आत कानांना कळतं. आपले क्रीडा पत्रकार 'आघाडीची फळी', 'बचावाची फळी' असं लिहितात. गोलकीपरच्या वाट्याला मात्र ही खरीखुरी लाकडाची फळी येते, आणि ती बोलली की ओळखायचं, आपण चुकलो.

हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. बेळगावच्या शाळेत मी दोन वर्षं गोलात उभा होतो. मी अंगानं जड आणि धावण्यात मागे. असल्या पोराला गोलात घालायचं हा जगभरच्या शाळांचा अलिखित नियम आहे, त्यात गुणवत्तेचा संबंध नव्हता. पॅडं क्रिकेटची, हेल्मेट नाही, फळीच्या जागी मागे कुंपणाची भिंत. एका सामन्यात मी सात गोल खाल्ले. मराठीत गोल 'खातात', हे क्रियापद ज्यानं वापरात आणलं तो नक्की कधीतरी गोलात उभा राहिला असणार. करणारा गोल करतो, अडवणारा खातो, आणि खाल्लेलं पचवायला घरी घेऊन जातो.

आमच्या गल्लीत मराठा रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक सुभेदार राहत. त्यांना सगळी गल्ली काकाच म्हणायची. त्या संध्याकाळी मी कट्ट्यावर तोंड पाडून बसलो होतो. त्यांनी विचारलं, "किती आले तुझ्यावर?" मी म्हणालो, "सात गेले, काका." ते म्हणाले, "गेले ते सगळ्यांनी मोजले. आले किती, ते तू मोजलंस का?" मी मोजले नव्हते. मग त्यांनी मला पहिल्यांदा शंकर लक्ष्मण हे नाव सांगितलं. आपल्या रेजिमेंटचा माणूस, हे सांगताना ते कट्ट्यावर बसल्या बसल्याच सावधान झाले.

शंकर लक्ष्मण मूळचे महूचे. १९४७ साली ते सैन्यात बँडमध्ये भरती झाले आणि पुढं मराठा लाइट इन्फंट्रीतून कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. या रेजिमेंटचं केंद्र बेळगावात, त्यामुळं आमच्याकडं त्यांच्याविषयी घरच्यासारखं बोललं जाई. मेलबर्न १९५६, रोम १९६० आणि टोकियो १९६४ अशा तीन ऑलिंपिकमध्ये ते भारताचे गोलरक्षक होते. तिन्ही अंतिम सामने पाकिस्तानशी झाले आणि तिन्ही एका गोलानं ठरले. मेलबर्नला आपण १-०नं जिंकलो. त्या स्पर्धेत भारतानं अडतीस गोल केले आणि एकही खाल्ला नाही. टोकियोला पुन्हा १-०. मधल्या रोमला तो एक गोल उलटा बसला. नसीरनं मारला आणि १९२८ पासून सलग सहा सुवर्णपदकांची माळ तिथं तुटली.

तीन अंतिम सामने, एक गोल. अजून कुणी १९६०चा विषय काढला की त्या एका गोलाचीच गोष्ट निघते. कुणाचा पास, कुठला कोपरा, नसीर कुठून घुसला. त्याच सामन्यात जे आत गेले नाहीत त्यांचा उल्लेख कुणी करत नाही. करणार तरी कसा? न झालेल्या गोलाला मिनिट नसतं आणि मारणाऱ्याचं नावही नसतं.

काका पहाऱ्याचा दाखला द्यायचे. रात्रभर पहारा दिलेला जवान सकाळी रिपोर्ट देतो, "सब ठीक." दोन शब्द. त्या दोन शब्दांत त्याची सगळी रात्र असते, कुत्र्यांचं भुंकणं, झुडपामागची हालचाल, पहाटे तीनची झोप, सगळं. पण रजिस्टरात दोनच शब्द चढतात. रजिस्टर भरून वाहतं ते पहाऱ्यात खिंडार पडतं त्या रात्री. "गोलातला माणूस म्हणजे पहाऱ्यावरचा माणूस," असं म्हणून ते उठले आणि मला घरी हाकललं.

शिक्षण झाल्यावर मी बंगळुरात आलो. पीण्या भागातल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तपासणी विभागात लागलो आणि तिथंच केस पिकवले. काम सांगायला सोपं आहे. बोअर मारलेला सुटा भाग हातात घ्यायचा, त्यात गेज घालून बघायचं. गेजचं एक टोक 'गो', दुसरं 'नोगो'. गो आत गेलं पाहिजे आणि नोगो जाता कामा नये. नोगो आत गेलं की तुकड्यावर लाल रंगाचा ठिपका मारून तो वेगळ्या पेटीत टाकायचा. दिवसाला शेकडो. वर्षाअखेरी उत्पादन विभागाच्या भिंतीवर आलेख चढत जाई: किती नग काढले, किती वाढले. आमच्या भिंतीवर एकच आकडा असे, गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या मालाचा. म्हणजे आमच्या हातून निसटलेल्यांचा. लाल पेटीत अडवलेल्यांना भिंतीवर जागा नव्हती. मी तक्रार करत नाही, त्यात कुणाचा दोष नव्हता. हिशेबच तसा मांडला जातो. पण लाल पेटी रिकामी करताना मला अनेकदा सुभेदारकाका आठवले. आले किती, ते तू मोजलंस का?

१९९८चा डिसेंबर मला आठवतो तो कँटीनमुळं. बँकॉकच्या आशियाई खेळांत भारतानं हॉकीचं सुवर्ण जिंकलं होतं. १९६६ नंतर पहिल्यांदा, म्हणजे बत्तीस वर्षांनी. आणि १९६६चं सुवर्णसुद्धा बँकॉकलाच, अंतिम सामन्यात पाकिस्तानवर १-०नं, आणि कर्णधार शंकर लक्ष्मण. या वेळचा कर्णधार आमच्या खडकीचा धनराज पिल्ले. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या स्टिकांनी खेळत वाढलेला, अस्सल पुणेरी मराठीत भांडणारा. मराठी बोलणाऱ्या आम्हा चार-पाच जणांची मान ताठ झाली होती. कन्नड सहकाऱ्यांनी शांतपणे इडलीचा तुकडा सांबारात बुडवत आठवण करून दिली की अंतिम सामना धनराजनं नव्हे, बल्लाळनं काढला. आणि तो बंगळूरचा.

आशिष बल्लाळ. हे नाव ऐकल्यावर मला पालीचा बल्लाळेश्वर आठवला आणि शेजारच्या कन्नड मित्राला होयसळांचा वीर बल्लाळ. तुमचा की आमचा, यावर चहा संपेपर्यंत वाद झाला. शेवटी कळलं की जन्म मुंबईचा आणि हॉकी बंगळूरची, तेव्हा दोन्ही बाजूंनी हत्यारं खाली ठेवली.

त्या अंतिम सामन्यात समोर दक्षिण कोरिया होता. निर्धारित वेळ संपली, जादा वेळ संपला, तरी १-१. मग टायब्रेकर. तेव्हा टायब्रेकर म्हणजे पेनल्टी स्ट्रोक. आजच्यासारखं तेवीस मीटरच्या रेषेवरून आठ सेकंदांत धावत येऊन गोलकीपरला चकवणं नव्हतं. चेंडू गोलरेषेपासून सात यार्डांवर, ६.४० मीटरवर, ठेवलेला. मारणारा एकटा, अडवणारा एकटा. अडवणाऱ्याचे दोन्ही पाय रेषेवर पाहिजेत आणि समोरच्यानं चेंडूला स्टिक लावेपर्यंत पाऊल हलवायचं नाही. ताशी ऐंशी किलोमीटरनं सुटलेला चेंडू ते अंतर पाव सेकंदाहून जरा जास्त वेळात कापतो. एवढ्या वेळात बघून, ठरवून, झेपावणं कुणालाच जमत नाही. म्हणजे चेंडू सुटायच्या आधीच अडवणाऱ्याला काहीतरी कळलेलं असावं लागतं. समोरच्याचा खांदा, पुढच्या पायाचा अंगठा, मनगटाचं वळण, किंवा डोळे कुठल्या कोपऱ्याकडे बघायचं टाळताहेत ते. शटरएवढ्या जागेत उभं राहून समोरच्याच्या मनातला कोपरा ओळखायचा आणि पाय न हलवता तिथं पोचायचं.

बल्लाळनं दोन स्ट्रोक अडवले. भारत ४-२नं जिंकला. ते दोन स्ट्रोक म्हणजे न झालेल्या गोलांमधले विरळा भाग्यवान, त्यांची नोंद झाली. एरवी सामन्याच्या गदारोळात गोलकीपरनं अडवलेला चेंडू म्हणजे पुन्हा खेळ सुरू करायचं निमित्त. टायब्रेकरमध्ये मात्र अख्खं मैदान गप्प होतं आणि सगळ्यांच्या नजरा त्या शटरवर खिळतात. सबंध कारकिर्दीत गोलकीपरचं काम असं दिवसाढवळ्या किती वेळा दिसत असेल? बार्सिलोना ऑलिंपिकमध्येही हा माणूस भारताच्या गोलात होता, १९९२ साली. त्या वेळी त्यानं काय काय अडवलं ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. भारत सातवा आला, एवढं मात्र कुठंही सापडतं.

गणपतीची गोष्ट आपल्याला तोंडपाठ असते, पण एक बारकावा निसटतो. त्याची पहिली नोकरी दारावरच्या पहाऱ्याची. आईनं सांगितलं कुणाला आत सोडू नकोस, आणि त्यानं सोडलं नाही, साक्षात शंकरालासुद्धा. काम चोख केल्याबद्दल त्याचं डोकं गेलं. बँकॉकनंतर काही आठवड्यांतच भारतीय संघातून अर्धा डझनाहून जास्त सुवर्णविजेते वगळले गेले. कर्णधार धनराज त्यात होता आणि बल्लाळही. प्रशिक्षक महाराजकिशन कौशिक यांचंही पद गेलं. बत्तीस वर्षांनी दार राखणाऱ्याला बक्षीस काय, तर दारातून बाजूला हो. कँटीनमध्ये तेव्हा आम्ही सगळे एकत्र चिडलो होतो. तुमचा-आमचा राहिलाच नव्हता.

धनराज परत आला, एकूण चार ऑलिंपिक खेळला, त्याच्यावर लेख आले, त्याचे किस्से झाले. ते त्याच्या हक्काचंच होतं. पण आघाडीच्या खेळाडूला वगळलं तर लोक विचारू शकतात, गोल कोण करणार? गोलकीपरला वगळल्यावर विचारायला प्रश्नच सापडत नाही. नवा माणूस उभा राहतो, शटर तेवढंच असतं. जुना असता तर कुठला चेंडू अडला असता, हे कुणाला सिद्ध करता येतं? बल्लाळनं पुढं बंगळुरात मुलांना हॉकी शिकवायला घेतलं. मला त्यात एक तर्कसंगती दिसते. ज्यानं उमेदीची वर्षं येणाऱ्याला अडवण्यात घालवली, तो उत्तरायुष्यात येईल त्याला मैदानात घेतो.

या शहरात गोलकीपर फार. कँटोन्मेंटमुळं इथं हॉकी आली. गोऱ्या पलटणी गेल्या, तरी लष्कराच्या युनिटांनी, अँग्लो-इंडियन शाळांनी, सरकारी कारखान्यांच्या संघांनी ती धरून ठेवली. डोंगरातून उतरलेल्या कोडवांनी तर तिच्याशी सोयरीकच केली. कोडगूत १९९७पासून घराण्याघराण्यांची हॉकी स्पर्धा भरते. पहिल्या वर्षी साठ घराणी आली होती, २०२४ साली तीनशे साठ. एकाच आडनावाचे आजोबा, सुना, नातवंडं एका संघात. माझ्या शेजारी बसणारे कोडव आजोबा सांगतात की त्यांच्या घराण्याच्या संघात गोलात नेहमी काकीच असत, कारण त्यांना ओलांडून पुढं जायची कुणाची छाती नव्हती.

म्युनिकच्या १९७२च्या कांस्यविजेत्या संघातले गोलकीपर मॅन्युएल फ्रेडरिक कन्नूरचे, पण त्यांचं घर बंगळुरात झालं. त्यांच्या पिढीनं आजच्यासारखी हेल्मेटं पाहिली नव्हती. कापूस आणि वेताची पॅडं, बाकी अंगावर जर्सी. त्यांना मेजर ध्यानचंद यांच्या नावाचा पुरस्कार मिळाला २०१९ साली, म्हणजे पदकानंतर सत्तेचाळीस वर्षांनी. २०२५च्या ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी ते याच शहरात गेले. दुसऱ्या दिवशी पेपर वाचून मी विचार करत बसलो, बसमध्ये, बाजारात, बँकेच्या रांगेत मी या माणसाच्या शेजारी किती वेळा उभा राहिलो असेन?

शंकर लक्ष्मण २००६ साली महूला गेले. शेवटचे दिवस हलाखीचे होते, पायाला गँगरीन झालं होतं. ज्या पायांवर पाकिस्तानच्या आघाडीच्या फळीनं दहा वर्षं डोकं आपटलं, तेच पाय. पद्मश्री होती, अर्जुन पुरस्कार होता, दोन सुवर्ण आणि एक रौप्य होतं. पहारा मात्र संपला होता.

आता भारतीय संघांची शिबिरं बंगळुरात म्हैसूर रस्त्याच्या बाजूला, क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात भरतात. २०२०च्या टाळेबंदीत पुरुषांचा आणि महिलांचा, दोन्ही संघ तिथं महिनोन्महिने अडकून पडले होते. शहर बंद, मैदान बंद, आणि आत ऑलिंपिकची वाट बघणारी माणसं. त्यांच्यात पी. आर. श्रीजेश होता. किळक्कंबलम गावचा शेतकऱ्याचा मुलगा. गोलकीपरचा साज महाग असतो आणि त्यासाठी त्याच्या वडिलांनी गाय विकली होती, हे त्यानं स्वतः अनेकदा सांगितलं आहे. पुढच्या वर्षी टोकियोत जर्मनीविरुद्ध ५-४ची आघाडी, शेवटचे काही सेकंद, आणि जर्मनीला पेनल्टी कॉर्नर. श्रीजेशनं तो अडवला आणि एकेचाळीस वर्षांनी भारताला हॉकीत ऑलिंपिक पदक मिळालं. नंतर तो गोलाच्या आडव्या दांड्यावर चढून बसला. तो फोटो सगळ्यांनी पाहिला आहे. ज्या चौकटीखाली माणसानं आयुष्य काढलं तिच्यावर एकदा बसून घ्यावंसं वाटणं मला फार समजतं.

आकड्यांचा मला जुना नाद आहे, नोकरीचा संस्कार. बँकॉक १९९८, अंतिम सामना, १-१, मग ४-२. इंचॉन २०१४, आशियाई सुवर्णाचा अंतिम सामना पाकिस्तानशी, १-१, मग ४-२, गोलात श्रीजेश. पॅरिस २०२४, उपांत्यपूर्व फेरी ब्रिटनशी, अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यामुळं बराच काळ दहा जणांनी खेळून १-१, मग ४-२, गोलात श्रीजेश. आशियाई सुवर्णांमधली अंतरंसुद्धा बघा, १९६६ ते १९९८ बत्तीस वर्षं, १९९८ ते २०१४ सोळा वर्षं, बरोबर अर्धी. यात काही गूढ नाही, योगायोगच आहे. पण तिन्ही वेळा त्या चारांना अर्थ आला तो दोनांमुळं. पाचही जणांनी गोल केले असते तरी समोरच्यांनीही पाच केल्यावर काय उरतं? आपण चार मोजतो. मी हल्ली चारांकडे बघतच नाही. पलीकडचे दोन का, पाच का नाहीत, तेवढंच बघतो.

शांतिनगरला शिट्टी वाजली. ज्युनिअरांची हॉकी वेगवान असते आणि अविचारी. पोरगा मात्र सतत बोलत होता. गोलकीपरला अख्खं मैदान दिसतं, म्हणून बोलायचं काम त्याचं. कोण मोकळा आहे, कोण मागून येतोय, कुणी सरकायचं. चेंडू बाहेर चालला आणि बचावातला कुणी उगाच स्टिक घालायला धावला की तो हेल्मेटातून ओरडे, "बिडो! बिडो!" कन्नडमध्ये बिडो म्हणजे सोड रे, जाऊ दे. इतक्या वर्षांनंतरही माझ्या मराठी कानाला ते 'भिडू' ऐकू येतं. सोड म्हणतोय की सवंगड्याला हाक मारतोय? गोलकीपरच्या तोंडी दोन्ही शोभतं. काय अडवायचं हे सगळेच शिकतात, काय जाऊ द्यायचं हे बहुधा यालाच कळतं.

पहिल्या सत्रात त्याच्यावर दोन गोल झाले. दोन्ही पेनल्टी कॉर्नरवर, दोन्ही वेळा फळी बोलली. मी या वेळी काकांचं ऐकायचं ठरवून बोटांवर मोजायला घेतलं होतं. आले किती? एक चेंडू त्यानं डाव्या पॅडवर घेतला, एक आडवा पडून स्टिकच्या टोकानं बाहेर काढला, एक मोज्यानं दांड्यावरून ढकलला. एकदा समोरचा एकटाच आत घुसला तेव्हा हा पुढं धावून त्याच्या पायांशी लोळला, दोघंही एकमेकांवर कोसळले आणि चेंडू वाट चुकल्यासारखा बाजूला निघून गेला. शेवटची शिट्टी झाली तेव्हा माझी मोजदाद अकरावर आली होती. त्यात एखादी चूक असेल, दोन वेळा आजोबा मध्ये बोलले. फलकावर ३-१ लागलं होतं आणि त्याचा संघ हरला होता. तिसरा गोल अगदी शेवटी झाला, सगळे पुढे गेलेले असताना.

मुलं हात मिळवून पांगली. जिंकलेल्यांनी गोल करणाऱ्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, तो घसरला, सगळे हसले. गोलकीपर कठड्याशी आला आणि ज्या क्रमानं चढवलं होतं त्याच्या उलट्या क्रमानं एकेक उतरवू लागला. हेल्मेट काढल्यावर कळलं, केवढासा चेहरा. बाहेर पडायची वाट त्याच्या शेजारून होती. मी थांबलो.

"चांगलं खेळलास," मी मोडक्या कन्नडमध्ये म्हणालो.

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुसऱ्याच सामन्यातून आलो होतो. "तीन गेले, अंकल."

"अकरा गेले नाहीत," मी म्हणालो. ते वाक्य कन्नडमध्ये नीट बसलं नाही, खरं तर मराठीतही बसत नाही. तो संकोचून हसला आणि पॅडं उचलून कोपऱ्यातल्या नळाकडे गेला.

तिथं वाकून तो ती धुऊ लागला. चेंडू आदळतो तिथं फोमवर रंगाचा डाग उमटतो, गोल, कधी पुसट, कधी घासून लांबलेला. डाव्या पॅडवर गुडघ्याखाली एक होता, तो पहिला. त्याच्या वर कडेला दुसरा. एक अर्धा, चंद्रासारखा, तो त्या लोळणीतला असणार. उजव्यावर चार-पाच, एकमेकांवर चढलेले. फलकावर नव्हते ते सगळे इथं होते. जवळ जाऊन मोजावेत असं मला फार वाटलं, अकरा भरतात का ते.

तोवर त्यानं ओलं फडकं फिरवलं होतं. पाणी रंगून खाली जात होतं आणि पॅड पांढरं निघत होतं, पुढच्या शनिवारसाठी.